समुद्र नसलेल्या मराठवाड्यातली भरती-ओहोटी

परभणीच्या मोंढ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन दिवसातून दोनदा वर येते आणि दोनदा खाली जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास तर फूटभर, कधी त्याहून थोडी जास्तच. त्याच्याबरोबर दुकानं, ट्रक, शेजारचा जिल्हा असं सगळंच वर-खाली होतं, म्हणून त्याला पत्ता लागत नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत समुद्रकिनारा नाही, तरी भरती-ओहोटी आहे ती अशी.

शाळेत आपण एक वाक्य पाठ करतो: चंद्र समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढतो, म्हणून भरती येते. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. चंद्र पाणी ओढत असेल तर भरती त्याच्या बाजूला एकदाच यायला हवी, मग दिवसातून दोनदा का येते? सूर्य पृथ्वीला चंद्रापेक्षा कितीतरी जास्त जोरानं ओढतो, मग भरतीत चंद्राचा वाटा मोठा कसा? आणि पाणीच ओढायचं असेल तर पैठणच्या नाथसागराला भरती का येत नाही? या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. भरती ओढीमुळं येत नाही, ओढीतल्या फरकामुळं येते.

चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७० किलोमीटर. म्हणजे पृथ्वीची चंद्राकडची बाजू केंद्रापेक्षा तेवढी जवळ आणि पलीकडची बाजू तेवढी लांब. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातं. त्यामुळं जवळच्या बाजूवर चंद्राची ओढ केंद्रापेक्षा साधारण ३.४ टक्के जास्त भरते आणि लांबच्या बाजूवर ३.२ टक्के कमी.

पृथ्वी काही खुंटीला बांधलेली नाही. चंद्राच्या ओढीनं तीही सतत चंद्राकडं पडत असते, जसा चंद्र तिच्याकडं पडत असतो. दोघांनाही आडवा वेग असल्यामुळं ते आदळत नाहीत, एका सामाईक बिंदूभोवती फिरत राहतात एवढंच. सगळी वस्तू एकसारखी पडत असेल तर तिच्या आत काहीच जाणवत नाही. इथं मात्र जवळची बाजू केंद्रापेक्षा किंचित जास्त पडते आणि लांबची बाजू किंचित कमी. केंद्रावर बसून पाहिलं तर जवळची बाजू पुढं सरकलेली दिसते आणि लांबची मागं राहिलेली, म्हणजे दोन्ही केंद्रापासून दूर. उरलेल्या दोन कडांवर चंद्राची ओढ जराशी तिरकी, आतल्या दिशेनं लागते, म्हणून तिथं पृथ्वी दाबली जाते. एका रेषेत ताण आणि तिच्या आडव्या दिशेत दाब, असा हा प्रकार आहे. फुगवटे दोन तयार होतात आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरताना प्रत्येक गाव दिवसात दोन्ही फुगवट्यांखालून जातं. तेवढ्या वेळात चंद्रही आपल्या कक्षेत थोडा पुढं गेलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला २४ तास ५० मिनिटं लागतात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढं जाते.

पलीकडच्या फुगवट्याचं कारण म्हणून बऱ्याच पुस्तकांत ‘पृथ्वी-चंद्र एकमेकांभोवती फिरतात, त्यामुळं पाणी बाहेर फेकलं जातं’ असं लिहिलेलं असतं. मला ते स्पष्टीकरण टाळावंसं वाटतं. दोघं मुळीच फिरत नसते आणि सरळ एकमेकांवर कोसळत असते, तरीही दोन्ही फुगवटे आलेच असते. कारण फिरणं नाही, फरक आहे.

आता सूर्य. त्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे आणि तो चंद्रापेक्षा सुमारे ३९० पट लांब आहे. वस्तुमानाला अंतराच्या वर्गानं भागलं की सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे १७८ पट निघते. पण ओढीतला फरक काढायचा तर अंतरानं आणखी एकदा भागावं लागतं, कारण लांबच्या वस्तूला पृथ्वीची जवळची बाजू आणि लांबची बाजू जवळपास सारखीच पडते. १७८ भागिले ३९० म्हणजे ०.४६. सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही थोडी कमी भरते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचे फुगवटे एका रेषेत येतात, तेव्हा कोकणात ज्याला उधाण म्हणतात ते येतं. अष्टमीच्या सुमाराला दोघं काटकोनात असतात आणि एकमेकांचं काम बिघडवतात, ती भांगाची भरती.

नाथसागराचा प्रश्न राहिला. चंद्राचा हा ताण आहे तरी केवढा? पृथ्वीच्या स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे नव्वद लाखावा भाग. चंद्र बरोबर डोक्यावर आला की ६० किलोच्या माणसाचं वजन जेमतेम सात मिलिग्रॅमनं कमी होतं. एवढ्या ताणानं पाणी उचललं जाणं शक्यच नाही आणि भरतीत पाणी उचललं जातही नाही. फुगवट्याच्या थेट खालच्या जागी ताण सरळ वरच्या दिशेनं असतो आणि तिथं तो जवळपास निरुपयोगी असतो. काम करतो तो थोडा बाजूचा, तिरका ताण. पाण्याला आडवं सरकायला कोणी अडवत नाही, म्हणून हजारो किलोमीटरच्या पट्ट्यातलं पाणी थोडंथोडं एका दिशेला सरकतं आणि जिथं जमतं तिथं पातळी चढते. त्यासाठी महासागराएवढा विस्तार लागतो. नाथसागर साधारण ५५ किलोमीटर लांब आहे. तेवढ्या लांबीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पातळीतला फरक हिशेबानं काही मिलिमीटरच येतो आणि तो वाऱ्याच्या एका झुळुकीत हरवून जातो.

याच हिशेबानं एक फिरता मेसेजही निकालात निघतो: ‘माणसाच्या शरीरात सत्तर टक्के पाणी, म्हणून पौर्णिमेला मन अस्वस्थ होतं.’ डोकं आणि पाय यांच्यातल्या पाच-साडेपाच फुटांत चंद्राच्या ओढीचा फरक वजनाच्या सुमारे तीस लाख कोटीव्या भागाइतका पडतो. पौर्णिमेला झोप लागत नसेल तर कारण दुसरीकडं शोधावं.

फुगवट्याचं चित्र समजायला सोपं आहे, पण खऱ्या समुद्रावर ते जसंच्या तसं बसत नाही. पाण्यानं पूर्ण झाकलेल्या पृथ्वीवर चंद्राची भरती अर्ध्या मीटरच्या आसपास आली असती. प्रत्यक्षात चेन्नईला भरती-ओहोटीतलं अंतर मीटरभरच असतं, मुंबईला उधाणात ते साडेचार-पाच मीटरपर्यंत जातं, खंभातच्या आखातात भावनगरजवळ दहा मीटरच्या आसपास आणि कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात सोळा मीटरपर्यंत. चंद्र तर सगळीकडं एकच. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा पाण्याचा टँकर अर्धवट भरलेला असला की काय होतं ते आठवा. चालकानं ब्रेक मारला की आतलं पाणी पुढं जातं, आदळतं, मागं येतं, आणि या जाण्यायेण्याला ठरावीक वेळ लागतो. धक्के नेमके त्याच वेळेनं बसत गेले तर हिंदकळणं वाढत वाढत टाकीच्या झाकणातून पाणी उसळतं. समुद्राच्या प्रत्येक खोऱ्याची, आखाताची अशी स्वतःची हिंदकळण्याची वेळ असते. ती किती, हे त्याची लांबी आणि खोली ठरवतात. चंद्राचे धक्के १२ तास २५ मिनिटांनी येतात. ज्या आखाताची वेळ याच्या जवळ जुळते तिथं पाणी प्रचंड चढतं. खंभातला भर म्हणून आखात नरसाळ्यासारखं निमुळतं आणि उथळ होत जातं.

गॅलिलिओची गंमत इथंच आहे. व्हेनिसला गोडं पाणी नेणाऱ्या होड्यांमध्ये हिंदकळणारं पाणी पाहून भरती-ओहोटी पृथ्वीच्या हालचालीमुळं येते असं त्यानं मांडलं आणि चंद्राचा संबंध जोडणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ केप्लरला हसण्यावारी नेलं. हिंदकळणं त्याला बरोबर दिसलं, धक्का देणारा मात्र चुकला. तो धक्का गुरुत्वाकर्षणाच्या नियमातून न्यूटननं १६८७ मध्ये दाखवून दिला. हलत्या पाण्याचं गणित त्यानंतर जवळपास शतकभरानं, फ्रेंच गणिती लाप्लासनं १७७० च्या दशकात बसवलं.

पावसाळ्यात टीव्हीवर ‘मुंबईत आज ४.८ मीटरच्या लाटा उसळणार’ असं सांगतात तेव्हाही एक घोटाळा होतो. हा आकडा लाटेच्या उंचीचा नसतो. ठरवून घेतलेल्या तळरेषेपासून भरतीचं पाणी किती चढणार, ती पातळी असते. लाटा त्यावर वेगळ्या, आणि त्या वाऱ्याच्या.

आता आपल्या जमिनीकडं येऊ. ओढीतला फरक पाण्यासाठी वेगळा आणि खडकासाठी वेगळा नसतो. खडक ताठ आहे म्हणून कमी वाकतो, इतकंच. पण पृथ्वीसारखा गोळा एवढा मोठा आहे की त्याच्या प्रमाणात खडकही लवचीकच. मराठवाड्याच्या अक्षांशावर जमिनीचा हा चढउतार उधाणाच्या दिवसांत एक-सव्वा फुटापर्यंत जातो. तो सहा तासांत आणि शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात इतका सावकाश होतो की घराला तडा जाण्याचा प्रश्नच येत नाही. कठीण थराखाली दबलेल्या पाण्यावर मात्र त्याची खूण उमटते. खडक ताणला गेला की त्यातल्या फटी किंचित रुंदावतात आणि बोअरमधलं पाणी थोडं उतरतं, दाबला गेला की चढतं. अशा बोअरमध्ये पातळी काही सेंटिमीटरनं चंद्राच्या वेळापत्रकाप्रमाणं हलताना जगात ठिकठिकाणी नोंदली गेली आहे. मोटर दिवसभर चालू असलेल्या बोअरमध्ये ती दिसणार नाही, हे वेगळं.

हिंगोली जिल्ह्यात हा फूटभराचा चढउतार कोणाला तरी रोज हिशेबात धरावा लागणार आहे. औंढा नागनाथ परिसरात गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणाऱ्या लहरी, टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. एकमेकींना काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा आणि त्यांच्या टोकांना आरसे, अशी तिची रचना आहे. दूरवर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की लहर येते आणि या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या भागाहूनही लहान फरक पडतो. तो मोजायचा आहे. आणि त्याच चार किलोमीटरच्या भुजेला चंद्र-सूर्य मिळून रोज मिलिमीटरच्या काही दशांशांनी ताणतात, म्हणजे मोजायच्या गोष्टीच्या कितीतरी अब्ज पटींनी. अमेरिकेतल्या वेधशाळांमध्ये हा ताण आधीच गणितानं काढून आरसे आणि लेसर त्याप्रमाणं सतत जुळवून घेतात. हा ताण संथ आणि ठरलेल्या वेळेचा असतो, लहर मात्र सेकंदाच्या अंशात येऊन जाते, म्हणून दोन्ही वेगळे ओळखू येतात. गुरुत्वीय लहरही एका दिशेत ताण आणि आडव्या दिशेत दाब अशाच स्वरूपाची असते. भरती-ओहोटीचं ते दूरचं नातेवाईकच म्हणायचं.

जमीन हलते म्हटलं की मराठवाड्यात किल्लारीची आठवण निघणारच. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची होती, पौर्णिमा तोंडावर होती. म्हणून पौर्णिमेचा आणि भूकंपाचा संबंध अजूनही जोडला जातो. चंद्र-सूर्यामुळं खडकावर येणारा ताण काही किलोपास्कल असतो. भूकंपात मोकळा होणारा ताण मेगापास्कलमध्ये असतो, म्हणजे साधारण हजार पट. तो शेकडो-हजारो वर्षं साठत आलेला असतो. जगभरच्या नोंदी तपासल्यावर काही ठिकाणच्या उथळ भूकंपांत भरतीच्या वेळेचा थोडासा प्रभाव दिसतो, पण त्यावरून तारीख सांगता येत नाही. वर्षात पंचवीसच्या आसपास अमावास्या-पौर्णिमा येतात आणि जमीन दर वेळी वर-खाली होते. भूकंप दर वेळी होत नाही.

भरतीचा सर्वांत दूरगामी परिणाम किनाऱ्यावर दिसत नाही, तो घड्याळात दिसतो. पृथ्वी स्वतःभोवती एका दिवसात फिरते, चंद्राला प्रदक्षिणेला २७ दिवस लागतात. म्हणजे पृथ्वी फुगवट्याला आपल्याबरोबर पुढं ओढत नेते आणि गोळाबेरीज केली तर फुगवटा चंद्राच्या थेट खाली न राहता जरा पुढं राहतो. चंद्र त्या पुढं गेलेल्या फुगवट्याला मागं खेचतो. हा सततचा ब्रेक आहे. त्यात जाणारी ऊर्जा उथळ समुद्रांच्या तळाशी होणाऱ्या घर्षणात उष्णता होऊन संपते, आणि तिचा सुमारे पाव ते एक तृतीयांश भाग खोल समुद्रातल्या डोंगररांगांवर खर्च होतो.

पण ओढ एकतर्फी नसते. फुगवटाही चंद्राला पुढं खेचतो, त्याला थोडी ऊर्जा देतो आणि चंद्र वरच्या, मोठ्या कक्षेत सरकतो. पृथ्वीनं गमावलेलं फिरणं चंद्राच्या खात्यावर जमा होतं. हे नुसतं गणित नाही. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर परावर्तक ठेवला, पुढं आणखी काही ठेवले गेले. पृथ्वीवरून लेसर सोडायचा, अडीच सेकंदांनी परत आलेला प्रकाश टिपायचा आणि अंतर काढायचं, हे काम पन्नासहून जास्त वर्षं चालू आहे. चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटरनं लांब जातो आहे.

दिवस किती लांबला? भरतीच्या ब्रेकमुळं शतकाला सुमारे २.३ मिलिसेकंद. हिमयुगातल्या बर्फाखाली दबलेली ध्रुवांजवळची जमीन अजून वर उचलली जाते आहे, त्यामुळं पृथ्वी थोडी गोलसर होऊन वेग घेते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा १.७ च्या आसपास येतो. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पण तो रोजच्या रोज साठतो. इसवी सन पूर्व १३६ मध्ये १५ एप्रिलला बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसलं, तिथल्या ज्योतिष्यांनी ते मातीच्या विटांवर कोरून ठेवलं. पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगानं फिरली असं धरून गणित उलटं चालवलं तर ग्रहणाचा पट्टा बॅबिलोनवर येत नाही, ४८ अंशांहून जास्त पश्चिमेला, भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या टोकाकडं पडतो. तफावत सव्वातीन तासांची. तेव्हाचा दिवस सुमारे ३३ मिलिसेकंदांनी लहान होता. ती तूट कमी होत होत शून्यावर आली, म्हणजे सरासरी साडेसोळा मिलिसेकंद. त्याला सात लाखांहून जास्त दिवसांनी गुणा, सव्वातीन तासच येतात.

त्याहून मागं जायला जीवाश्म लागतात. काही प्रवाळ रोज एक बारीक रेघ वाढवतात आणि वर्षाच्या ऋतूंप्रमाणं त्या रेघांचे पट्टे पडतात. अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ जॉन वेल्स यांनी १९६३ मध्ये सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवर एका वर्षात चारशेच्या आसपास रेघा मोजल्या. वर्षाची लांबी बदललेली नाही, म्हणजे दिवस २२ तासांच्या आसपास होता. ओमानमध्ये सापडलेल्या, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या एका शिंपल्यावर २०२० मध्ये झालेल्या अभ्यासात वर्षाचे ३७२ दिवस निघाले, दिवस साडेतेवीस तासांचा. आपल्याकडचा काळा पाषाण त्याच सुमाराचा. वेरूळचं कैलास लेणं ज्या खडकात कोरलं तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहत होता, तेव्हाचा दिवस आजच्यापेक्षा जवळपास अर्ध्या तासानं लहान होता.

चंद्राचा हिशेब केव्हाच पूर्ण झाला आहे. पृथ्वीनं त्याच्यावर पाडलेला ताण कितीतरी मोठा, त्यामुळं त्याचं फिरणं प्रदक्षिणेच्या वेळेशी जुळून अडकलं आणि आपल्याला त्याची एकच बाजू दिसते. बुधाचंही तसंच झालं असेल असं वाटत होतं, पण १९६५ मध्ये रडारनं दाखवलं की तो सूर्याभोवती दोन फेऱ्यांत स्वतःभोवती तीनदा फिरतो. मंगळाचा चंद्र फोबोस मात्र उलट्या वाटेला आहे. मंगळाचा दिवस साडेचोवीस तासांहून थोडा मोठा आणि फोबोसची प्रदक्षिणा पावणेआठ तासांपेक्षाही कमी. तिथं फुगवटा मागं राहतो, फोबोसला मागं खेचतो आणि तो शतकाला सुमारे १.८ मीटरनं मंगळाजवळ येतो आहे. काही कोटी वर्षांत तो याच ताणानं फुटेल.

आपल्या घड्याळांत चंद्राचा हा ब्रेक लीप सेकंदाच्या रूपात येतो. आजचा सेकंद साधारण १८२० च्या दिवसाच्या लांबीवर बेतलेला आहे. तेव्हापासून दिवस जरासा लांबला, म्हणून अणुघड्याळ पृथ्वीच्या पुढं पळतं आणि १९७२ पासून २७ वेळा त्यात एक सेकंद घालावा लागला. शेवटचा २०१६ च्या अखेरीस घातला, भारतात तेव्हा १ जानेवारी २०१७ च्या पहाटेचे साडेपाच वाजत होते. त्यानंतर एकही घातलेला नाही, कारण २०२० पासून पृथ्वी थोडी वेगानं फिरते आहे. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. हे पृथ्वीच्या द्रव गाभ्यातल्या, वातावरणातल्या हालचालींचं काम आहे आणि थोडं चंद्राचंही. चंद्र विषुववृत्तापासून खूप उत्तरेला किंवा दक्षिणेला गेला की फुगवटे ध्रुवांकडं सरकतात, पृथ्वीचा मधला घेर नावाला कमी होतो आणि ती चार-दोन दिवस जास्त वेगानं फिरते. दुसरीकडं ध्रुवांवरचं बर्फ वितळून ते पाणी विषुववृत्ताकडं पसरतं आहे, त्यानं वेग कमी होतो. तरीही २०२० नंतरचा हा वाढलेला वेग असाच राहिला तर कधीतरी घड्याळातून एक सेकंद काढावा लागेल. तसं आजवर कधी झालेलं नाही आणि संगणकांची जुळणी सांभाळणाऱ्यांना त्याचीच धास्ती आहे. म्हणून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय वजन-मापांच्या परिषदेत ठरलं की २०३५ पर्यंत ही पद्धत बदलायची आणि पृथ्वी व घड्याळ यांच्यात एका सेकंदापेक्षा जास्त तफावत साठू द्यायची. ती मिनिटभर व्हायला पन्नास ते शंभर वर्षं लागतील असा अंदाज आहे.